‘नको’ म्हणण्याचा संस्कार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सव हा सिंहावलोकनाचा प्रसंग असतो. अशा वेळी जीर्णोद्धाराची, चातुर्मासांची, दात्यांच्या औदार्याची आठवण निघते आणि ते योग्यच आहे. परंतु आणखी पन्नास वर्षांनी ही संस्था ज्यांच्या हाती असेल, ती मुले आज याच सभागृहात पुढच्या रांगेत सतरंजीवर बसली आहेत. आजचा विषय त्यांचा आहे. तो थोडा अवघड आहे, कारण घरात तो सहसा निघत नाही आणि निघाला तर लगेच बदलला जातो. शाळेत कोणी अंगाला नकोसा हात लावला तर मुलाने काय करावे, आणि मुलाने ते घरी सांगितल्यावर मोठ्यांनी काय करावे, हा तो विषय होय.

जैन घरातील मुलाला लहानपणापासून पुष्कळ संस्कार मिळतात. मोठ्यांचे ऐकावे, गुरुजनांना उलट उत्तर देऊ नये, पाहुण्यांच्या पाया पडावे, कोणाचे मन दुखवू नये. हे सारे संस्कार मोलाचे आहेत. मात्र या यादीत एक संस्कार राहून गेला आहे. आपल्या देहाला नकोसा स्पर्श झाला तर निर्भयपणे ‘नको’ म्हणण्याचा तो संस्कार होय. जे मूल केवळ ऐकायलाच शिकले, ते चांगल्या माणसाचे ऐकते तसेच वाईट हेतूच्या माणसाचेही ऐकते. त्याच्या आज्ञाधारकपणाचाच मग गैरफायदा घेतला जातो.

सावित्रीबाईंच्या तालुक्यात

हा विषय खंडाळ्यात मांडण्याला एक विशेष औचित्य आहे. याच खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाल्यावर शिकवायला जाताना त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला गेला. मुलीने शाळेची पायरी चढावी यासाठीचा तो लढा होता. आज खंडाळा, शिरवळ, लोणंद परिसरातील मुली-मुले एसटीने, सायकलने, शाळेच्या व्हॅनने शाळेत जातात. शाळेची पायरी चढण्याचा प्रश्न बहुतांशी सुटला आहे. त्या पायरीच्या आत मूल निर्धास्त असावे, हा प्रश्न मात्र अजून पूर्णपणे सुटलेला नाही.

पूर्वी गावातील शाळेचे गुरुजी, शिपाई, टांगेवाला हे सारे घराघराला माहीत असत. आता औद्योगिक वसाहतींमुळे वस्ती वाढली, आई-वडील दोघेही कामावर जाऊ लागले आणि मुलाचा दिवस शाळा, व्हॅन, शिकवणी, खेळाचे मैदान अशा अनेक हातांतून जाऊ लागला. यांतील बहुतेक हात मायेचेच असतात. तरीही एखादा हात तसा नसेल, तर ते ओळखण्याची शक्ती मुलाजवळ हवी.

अदत्तादानाचा अर्थ

असा विचार आपल्या परंपरेला परका आहे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने पाठशाळेतील पहिल्या धड्यांकडे पाहावे. अठरा पापस्थानकांमध्ये तिसरे स्थान अदत्तादानाचे आहे. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतही अचौर्याचा समावेश आहे. तत्त्वार्थसूत्राने चोरीची व्याख्या करताना वस्तूची किंमत मोजली नाही. जे दिलेले नाही ते घेणे म्हणजे चोरी, एवढेच सांगितले. दुसऱ्याची पेन्सिल न विचारता उचलणे हे अदत्तादान आहे, हे पाठशाळेतील सहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. मग पेन्सिलीला जो नियम लागू, तो त्या मुलाच्या देहाला का लागू नसावा? त्याच्या संमतीवाचून, त्याला नको असताना केलेला स्पर्श हेही न दिलेले घेणेच आहे.

स्पर्शाची मर्यादा पाळणे म्हणजे समोरच्याचा अपमान करणे नव्हे, हेही हा समाज रोज आचरणात पाहतो. श्वेतांबर परंपरेत साधू-साध्वींना विरुद्ध लिंगाच्या व्यक्तीचा संघट्टा होऊ नये, म्हणून प्रत्येक श्रावक-श्राविका दक्ष असते. दिगंबर परंपरेतील मूलाचारासारख्या आचारग्रंथात आर्यिकांनी आचार्य-मुनींपासून किती अंतरावर बसावे, हे हातांच्या मापाने सांगितले आहे. त्या अंतरामुळे आदर कमी झाला, असे कोणी म्हणत नाही. देहाभोवती एक मर्यादा असते आणि ती राखण्यातच आदर असतो, हे ज्या समाजाला इतके स्वाभाविकपणे कळते, त्याला आपल्या मुलांच्या देहाची मर्यादा समजणे कठीण जाऊ नये.

शाळेतला स्पर्श

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येक स्पर्श वाईट नसतो. बालवाडीत बाई मुलाचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवतात, मैदानावर पडलेल्या मुलाला सर उचलून घेतात, मित्र खांद्यावर हात टाकून डबा खायला नेतो. अशा स्पर्शावाचून बालपण कोरडे होईल. मुलाच्या मनात सर्वांविषयी संशय भरणे हा या शिकवणीचा हेतू नाही.

परंतु शाळेत दुसरेही स्पर्श असतात. रांगेत मागून ढकलणे, येता-जाता टपली मारणे, गालाला चिमटा काढणे, वेणी ओढणे, मधल्या सुट्टीत एखाद्या मुलाची पँट खाली ओढून हसणे. ‘मुलांची मस्ती’ म्हणून या गोष्टी सोडून दिल्या जातात. ज्याच्यावर ती मस्ती होते, तो मात्र शाळेत जाण्याच्या वेळी पोट दुखते म्हणू लागतो. शिक्षकांच्या छडीचाही येथेच विचार व्हावा. बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. छडी लागे छमछम ही जुन्या पिढीची आठवण असेल, पण आजच्या मुलावर ती बेकायदा आहे.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर. कोणी मोठा माणूस किंवा मोठा विद्यार्थी वाईट हेतूने मुलाच्या देहाला हात लावतो आणि ‘कोणाला सांगू नकोस’ असे बजावतो. मुलांना येथे तीन खुणा सोप्या शब्दांत सांगता येतात. अंतर्वस्त्रांनी झाकलेले अवयव हे खासगी अवयव आहेत. लहान मुलाची स्वच्छता किंवा डॉक्टरांची तपासणी, तीही आई किंवा वडील जवळ असताना, एवढे सोडून ते कोणी पाहू नयेत, त्यांना हात लावू नये आणि कोणी आपलेही दाखवू नयेत. दुसरी खूण अशी की, जो स्पर्श गुपित ठेवायला सांगितला जातो तो वाईट समजावा. तिसरी खूण मुलाच्या मनातच असते. जो स्पर्श झाल्यावर पोटात गोळा येतो, तिथून पळावेसे वाटते, तो नकोसा स्पर्श. त्यासाठी मुलाला आणखी कारण द्यावे लागू नये.

हा प्रश्न केवळ मुलींचा आहे, असा समज सर्वत्र आढळतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी एका किंवा अधिक प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले आणि त्या मुलांमध्ये मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिकच होते. छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. तेव्हा ‘आमचा मुलगाच आहे, त्याची काय काळजी’ हे वाक्य कोणत्याही घरात उच्चारले जाऊ नये.

‘नको’ कसे म्हणावे

‘नको’ हा शब्द वेळेवर तोंडातून निघावा, यासाठी त्याचा सराव लागतो. णमोकार मंत्र मुलाला रोजच्या उच्चारानेच पाठ होतो. हेही तसेच आहे. मुलाने ताठ उभे राहावे, समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे आणि स्पष्ट म्हणावे, “मला हे आवडत नाही. हात काढा.” वर्गमित्र असेल तर, “ढकलू नकोस, मला आवडत नाही.” मग एक पाऊल मागे घ्यावे, तेथून दूर जावे आणि त्याच दिवशी विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगावे. असा माणूस कोणता, हे आधीच ठरलेले हवे. मुलाने आपल्या हाताच्या पाच बोटांवर पाच माणसे मोजावीत: आई, बाबा, आजी, वर्गशिक्षिका, मावशी. पहिल्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगावे, आणि कोणी तरी ऐकेपर्यंत सांगत राहावे.

यासोबत आणखी एक वाक्य मुलाला आवर्जून सांगितले पाहिजे. भीतीने पुष्कळदा हातपाय गार पडतात, आवाज फुटत नाही. त्या क्षणी ‘नको’ म्हणता आले नाही, तरी दोष मुलाचा नसतो. तो नेहमी हात लावणाऱ्याचा असतो. दिवसांनी, महिन्यांनी सांगितले तरी चालते.

या सरावाचा आरंभ घरी होतो. पाहुणे आले की ‘काकांना पापी दे’, ‘मामांच्या मांडीवर बस’ असा आग्रह होतो, मूल अंग चोरते आणि मोठे हसतात. त्या हसण्यातून मूल एक धडा शिकते की, माझ्या ‘नको’ला किंमत नाही. त्याऐवजी दोन्ही हात जोडून म्हटलेला ‘जय जिनेंद्र’ हा संपूर्ण आदर आहे, हे पाहुण्यांनीही मान्य करावे. घरात ज्याचा नकार ऐकला जातो, त्याला शाळेत नकार देणे सोपे जाते. आणि ज्याला दुसऱ्याचा नकार ऐकायला शिकवले जाते, तो मुलगा वर्गात कोणाच्या वेणीला हात लावत नाही. म्हणून हा संस्कार मुलांना दोन्ही बाजूंनी द्यावयाचा आहे: स्वतःची मर्यादा सांगण्याचा आणि दुसऱ्याची पाळण्याचा.

मूल सांगते तेव्हा

मूल एखाद्या संध्याकाळी, दप्तर टाकता टाकता, अर्धवट वाक्यात काही सांगते. पुढचे सारे त्या क्षणीच्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर अवलंबून असते. “तू तिथे गेलीसच कशाला?” “सर असे करणार नाहीत.” “बाबांना सांगू नकोस, उगाच भांडण होईल.” यांपैकी एक वाक्य पुरते; मूल कायमचे मिटते. त्याऐवजी हातातील काम ठेवून जवळ बसावे, सांगते ते ऐकावे, “तू सांगितलेस ते चांगले केलेस, तुझी चूक नाही” असे म्हणावे. खोदून खोदून विचारू नये, नातेवाइकांसमोर पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये.

रांगेतली ढकलाढकली असेल तर वर्गशिक्षकांशी बोलून प्रश्न सुटतो. प्रकार गंभीर असेल तर कायद्याचा मार्ग धरावा. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा, पोक्सो या नावाने ओळखला जाणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी या दोघांनाही त्याचे संरक्षण आहे. शाळेतील कर्मचाऱ्याने असा वाईट स्पर्श केल्यास किमान पाच वर्षांची शिक्षा आहे. कपड्यावरून केलेला स्पर्श या कायद्यात बसत नाही, असा निर्णय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द केला आणि स्पर्शामागील हेतू महत्त्वाचा आहे, मध्ये कापड होते की नव्हते हे नव्हे, असे स्पष्ट केले.

याच कायद्यानुसार मुलाचा जबाब शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावयाचा असतो. मुलाचे नाव, छायाचित्र, शाळेचे नाव वृत्तपत्रात छापता येत नाही. म्हणजे ‘नाव बाहेर येईल’ या भीतीचा विचार कायद्याने केलेला आहे. कोठे जावे हे सुचत नसेल तर १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक अहोरात्र चालू असतो. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता देशभर आहे आणि मूल स्वतःही हा क्रमांक फिरवू शकते.

क्षमा आणि मौन

आता या विषयातील सर्वांत नाजूक भाग. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत बालवर्गातील दोन चिमुकल्या मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचा आरोप झाला. तक्रार नोंदवण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावे लागले. २० ऑगस्टला संतप्त लोकांनी दिवसभर रेल्वे रोखली. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. प्रकार कळूनही पोलिसांना न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनातील व्यक्तींवरही गुन्हा दाखल झाला. आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात मारला गेला आणि त्याच्यावरचा खटला चालून निकाल लागलाच नाही. अहिंसा मानणाऱ्या समाजाने यातून घ्यावयाचा बोध असा की, आरंभीचे मौन टाळले गेले असते तर पुढचा क्षोभही टळला असता. न्यायाचा सरळ मार्ग वेळेवर धरला नाही की समाज आडवाटेला लागतो.

संस्था कोणतीही असो, अशा वेळी पहिला विचार नावलौकिकाचा येतो. ‘आपलीच शाळा, आपलाच माणूस, आपसात मिटवून टाकू’ असे म्हटले जाते. जैन समाजात त्याला आणखी एक आधार दिला जाण्याचा संभव असतो. क्षमा हे वीराचे भूषण आहे, मुलीने क्षमा करावी, मिच्छामि दुक्कडं म्हणून विषय संपवावा, असे सुचवले जाते. येथे थांबून विचार केला पाहिजे. क्षमा ही ज्याचे दुखावले त्याने, त्याच्या मनाने, त्याच्या वेळी द्यावयाची असते. विश्वस्तांनी ती मुलाच्या वतीने देऊन टाकणे, हेही न दिलेले घेण्यासारखेच आहे. शिवाय मनातील वैर सोडणे निराळे आणि दुष्कृत्य झाकणे निराळे. झाकलेले दुष्कृत्य दुसऱ्या मुलापर्यंत पोहोचते.

पाप करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्हींतून बंध होतो, असे जैन दर्शन सांगते. माहीत असून गप्प बसणे हे अनुमोदनेच्या अगदी जवळ जाते. कायदाही तेच सांगतो. असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. सद्‌भावनेने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे.

प्रारंभ पाठशाळेपासून

महाराष्ट्र शासनाने १० मार्च २०२२ च्या निर्णयाने शाळांमध्ये ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करण्यास सांगितले. बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी या समित्यांसोबत तक्रारपेटी, सीसीटीव्ही कॅमेरे आणि कर्मचाऱ्यांच्या पूर्वचारित्र्याची पडताळणी यांवर पुन्हा भर देण्यात आला. आपल्या मुलाच्या शाळेत ही समिती आहे का, तिच्या सदस्यांची नावे फलकावर लागली आहेत का, पेटी कोण उघडते, हे पालकसभेत विचारणे हा प्रत्येक पालकाचा अधिकार आहे. देणगी देणाऱ्या समाजाने तर हा प्रश्न आधी विचारावा.

आणि दुसऱ्याच्या शाळेला विचारण्यापूर्वी स्वतःच्या पाठशाळेकडे पाहावे. पाठशाळेच्या वर्गाचे दार शिकवताना उघडे असावे. धार्मिक शिबिरात मुला-मुलींच्या निवासाची व्यवस्था निरनिराळी असावी आणि तेथे किमान दोन जबाबदार व्यक्ती असाव्यात. शिकवणारा गृहस्थ असो, स्वयंसेवक असो, की समाजातील कितीही मान्यवर असो, नियम सर्वांना सारखा असावा. वर्षातून एकदा हा विषय मुलांना, आणि एकदा पालकांना, जाणकार व्यक्तीकडून समजावून दिला जावा. याला मोठा निधी लागत नाही. थोडा संकोच मात्र सोडावा लागतो.

शेवटी पुन्हा नायगावच्या त्या कन्येकडे येणे भाग आहे. १८६३ मध्ये ज्योतीराव आणि सावित्रीबाई यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. ज्या विधवांवर अन्याय झाला होता आणि ज्यांनाच समाज दोष देत होता, त्यांना त्या घराने दार उघडले. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात पोहोचल्या. त्या संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. शासनाच्या त्या समित्यांच्या निर्णयावर हीच तारीख आहे.

मुलाच्या देहाला झालेला तोही स्पर्शच होता. त्याने मुलाकडून काही घेतले नाही, आपले सर्वस्व दिले. मुलांना जगातील प्रत्येक हाताची भीती वाटावी, अशी कोणाचीच इच्छा नाही. देणारा हात कोणता आणि घेणारा हात कोणता, हे त्यांना ओळखता यावे, घेणाऱ्या हाताला ‘नको’ म्हणता यावे आणि ते ‘नको’ ऐकायला घरात, शाळेत, पाठशाळेत कोणी तरी बसलेले असावे. संस्थेच्या हीरकमहोत्सवापर्यंत पुढच्या रांगेतील ही मुले मोठी झालेली असतील. त्यांनी त्या वेळी सांगावे की, आमचे ‘नको’ या समाजाने ऐकले होते. सुवर्णमहोत्सवी वर्षात घेण्याजोगा याहून मोठा संकल्प नसेल.

जय जिनेंद्र!